मदत हवी आहे: पडवीत बसणाऱ्या आजींसाठी हीटर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

थंडी पडली की आमच्या सासूबाई साडेसहालाच आत जातात. एरवी त्यांची संध्याकाळ पडवीतच जाते. वय ७८, खुर्ची ठरलेली, आणि घरातला प्रत्येक जण बाहेरून आला की आधी त्यांच्यापाशी दहा मिनिटं टेकतो. त्या आत गेल्या की हे बसणं-बोलणंही थांबतं. म्हणून यंदा बाहेर हीटर बसवायचाच असं ठरवलंय. महिनाभर वाचतेय, विचारतेय, आणि गोंधळ वाढतोच आहे.

आधी जागा सांगते. पडवी साधारण १२ फूट बाय ९ फूट. मागे घराची भिंत, डावीकडे अर्धी भिंत, बाकी दोन बाजू उघड्या. वर लाकडी छत, उंची साडेआठ फूट. वारा उघड्या बाजूने सरळ आत येतो, पाऊस तिरका असेल तर खुर्चीपर्यंत शिंतोडेही येतात. एका वेळी दोन-तीन माणसं, रोज दोन-अडीच तास.

आता खरी अडचण. आईंना जुना मधुमेह आहे आणि पावलांची संवेदना बरीच कमी झाली आहे. गरम पाण्याच्या पिशवीने एकदा पोटरीला फोड आला तो त्यांना कळलाही नव्हता, संध्याकाळी मला दिसला. शिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळ्यांवर प्रखर उजेड आला की त्रास होतो. म्हणजे ऊब हवी, पण पायाशी आग नको आणि डोळ्यात दिवा नको.

पहिल्यांदा घरातला पंख्याचा हीटर बाहेर ठेवून पाहिला. काहीही उपयोग नाही. तो हवा तापवतो आणि तापलेली हवा वारा घेऊन जातो. बाहेर चालतो तो उष्णतेच्या किरणांचा, म्हणजे इन्फ्रारेड हीटर. तो मधली हवा फारशी न तापवता थेट अंग, खुर्ची, फरशी तापवतो. एवढं आता पक्कं समजलंय.

मग शेजाऱ्यांकडून छत्रीसारखा उंच गॅस हीटर एका संध्याकाळी मागून आणला. ताकद भरपूर, १२ किलोवॉटच्या आसपास. पण त्यातली बरीच उष्णता वर निघून जाते. आई पंधरा मिनिटांनी म्हणाल्या, "डोकं तापलंय गं, पाय तसेच गार." एवढ्या ताकदीवर तासाला जवळजवळ किलोभर गॅस जळतो. छत लाकडी असल्यामुळे मी पूर्णवेळ वरच बघत बसले होते, गप्पा कसल्या! त्यात एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. उलटला की आपोआप बंद होणं, ज्योत विझली की गॅस थांबणं या सोयी त्या हीटरला होत्या, तरी आमच्या छताखाली तो नकोच असं माझं मत झालं आहे. मोकळ्या अंगणासाठी चांगला असेल.

उरले विजेचे. त्यात दोन टोकं दिसतात.

एक, लालभडक दिसणारा शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड लहरींच्या किरणांचा. आतली तार २००० अंश सेल्सिअसच्या वर तापते, बटण दाबलं की क्षणात ऊब, आणि वाऱ्यातही किरण पोचतात. दुकानात पाहिला. ऊब छान लागली, पण उजेड सरळ डोळ्यांवर आला. विक्रेता मला "हा शंभर टक्के कार्यक्षम आहे" असं पुन्हा पुन्हा सांगत होता. पण विजेचा कुठलाही हीटर घेतलेल्या सगळ्या विजेची उष्णताच करतो, प्रश्न ती माणसापर्यंत किती पोचते हा आहे. हे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा, काळ्या पॅनेलचा लाँगवेव्ह, म्हणजे लांब लहरींच्या किरणांचा. उजेड अजिबात नाही, ऊब मऊ. पण तापायला दहा-एक मिनिटं लागतात, आणि वारा लागला की पॅनेलच थंड पडतं म्हणतात. आईंच्या डोळ्यांचा विचार केला तर मन इकडे झुकतं. मात्र न दिसणाऱ्या उष्णतेची मला वेगळी भीती वाटते. चालू आहे की बंद हेच कळलं नाही तर? आणि रोज त्याच जागी मंद उष्णता लागत राहिली तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात, असंही वाचलं आहे. आईंच्या पोटऱ्या आधीच नाजूक आहेत.

विजेचं गणित केलंय. १५०० वॅटची दोन पॅनेल म्हणजे ३००० वॅट, २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर. एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही. बोर्डापासून स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेणार. उपकरण पाण्या-धुळीपासून किती सुरक्षित आहे ते आयपी क्रमांकावरून कळतं. शिंतोड्यांसाठी किमान आयपीएक्स४ हवं हे कळलं, पण आमच्याकडे तिरका पाऊस येतो म्हणून त्याहून वरचं आयपी६५ शोधतेय.

भर, दोन दिवसांनी: सगळ्यांचे मनापासून आभार. विजेची गरम चादर किंवा पायाखालची गादी सुचवणाऱ्यांना सांगते, संवेदना नसलेल्या पावलांना ती टेकवायची माझी हिंमत नाही. लोकरीचे मोजे आणि पायाखाली जाड लाकडी पाट, एवढं सुरू केलं आहे. शेकोटीही नको, तिच्या धुराने आईंना खोकला लागतो.

वारा आधी अडवा, ही सूचना मात्र फार मोलाची निघाली. काल उघड्या बाजूला जाड पडदा लावला आणि आई साडेसातपर्यंत बाहेर बसल्या, हीटरशिवाय! पडद्यामुळे गॅसचा विचार आता कायमचा सोडला, कारण बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका. पडदा हीटरपासून लांब राहील असा बांधला आहे.

त्यामुळे आता लाँगवेव्ह जवळपास नक्की. अडलंय ते पॅनेलच्या जागेवर. छताला लावलं तर लाकूड जवळ येतं आणि पुन्हा डोकंच तापेल. मागच्या भिंतीवर सात फुटांवर तिरकं लावलं तर पाठ आणि खांदे शेकतील, पोटऱ्यांवर थेट मारा होणार नाही, असं वाटतं. पण मग समोर बसणाऱ्याच्या तोंडावर येईल का? ज्यांनी भिंतीवर असं पॅनेल लावलंय त्यांनी सांगा: खुर्ची किती अंतरावर ठेवता, आणि तास-दीड तासानंतर पाठीला ते जास्त होतं का? घरात कुणाला पायाची संवेदना कमी असेल तर तुम्ही काय काळजी घेता, हेही जरूर लिहा. इलेक्ट्रिशियन रविवारी येणार आहे, त्याआधी भिंतीवर खूण करून ठेवायची आहे.