घाट चढताना बॉनेटमधून चुक-चुक आवाज, प्लग ढिला असेल का?

सिडकोकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, १.२ पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी हाय व्होल्टेज देणारी). मागच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने प्लग काढून साफ करून तेच परत बसवले, थोडे दिवस बरी चालली आणि आता मुंबईहून येताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरला दाबली की आतून चुक चुक चुक, शिलाई मशीन चालल्यागत, आणि पाय उचलला की एकदम बंद. इगतपुरीला बॉनेट उघडून ऐकलं तर स्लोला आवाज जवळपास नाहीच, थोडी थरथर तेवढी, पिकअपही मेलाय. गॅरेजवाला म्हणतो टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आहेत, वरचं कव्हर उघडावं लागेल. घरचे म्हणतात चालतेय ना, मग चालव. सुरुवात कुठून करू?

सातपूर_लेथ
कव्हरला हात लावू देऊ नको अजून. टॅपेट वाजत असते तर स्लोला पण टकटक ऐकू आली असती, तुझा आवाज लोड आला की येतोय म्हणजे सिलिंडरमधलं प्रेशर कुठूनतरी बाहेर पडतंय. एक तर प्लगच्या बुडातून, नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या) गॅस्केटमधून. मॅनिफोल्डचा लीक बऱ्याचदा सकाळी थंड इंजिनला जास्त वाजतो आणि गरम झालं की कमी होतो, कारण धातू फुगून फट बुजते. तुझा आवाज गरम गाडीला भर घाटात आलाय आणि प्लग नुकतेच उघडलेले, मग आधी प्लगच बघायचे ना राव.

पंचवटी_चारचाक
एवढं काय त्यात, सॉकेट लाव आणि आवळून टाक, पाच मिनिटांचं काम.

सातपूर_लेथ
@पंचवटी_चारचाक नको दादा, हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गरम इंजिनला प्लग फिरवला तर आटे सोबत घेऊन बाहेर येतो. आणि नुसतं आवळून तो प्लग किती भाजलाय ते कसं कळणार? प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि वायसरमधून हेडमध्ये जाते, ढिल्या प्लगला ती वाटच नीट मिळत नाही, मग टोक लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं.
@सिडकोकर रात्रभर गाडी थंड होऊ दे. कॉइल काढ, प्लगच्या खड्ड्यात हवा मारून माती उडव (ती सिलिंडरमध्ये पडली तर वेगळंच दुखणं), मग लांब एक्स्टेंशनला प्लग सॉकेट लावून, रॅचेट न लावता, नुसत्या हाताने फिरवून बघ. फिरला तर चोर सापडला.

सिडकोकर
सापडला! तीन नंबर हाताने आरामात फिरला, बाकीचे तीन घट्ट होते. तिसऱ्याच्या खड्ड्यात काळी काजळी, कॉइलचं रबरही खालून भाजल्यासारखं झालंय. पण चारही प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, पत्र्याच्या अगदी वर, तपकिरी कडं आहे. म्हणजे चारही लीक होते का? आणि चार नंबरच्या खड्ड्यात थोडं ऑइल पण दिसतंय.

गंगापूररोड_काका
नाही हो, त्या कड्यावर बरेच मेकॅनिक फसतात आणि चांगले प्लग फेकून देतात. हाय व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे बारीक कण चिनीमातीकडे ओढले जातात आणि तिथे चिकटून तसा डाग पडतो, त्याला करोना स्टेन म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. खरा लीक ओळखायचा तो तीन नंबरसारखा, आट्यांच्या वर आणि वायसरच्या आजूबाजूला काजळी.
चारही नवीन घ्या, तीन नंबरच्या कॉइलचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. नवीन प्लग सॉकेटने सुरू करू नका. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर खोचा आणि त्याने फिरवत खाली न्या, आटा तिरका बसला तर पाइप घसरतो, हेड वाचतं. आधी थोडं उलटं फिरवा, टक् झालं की मग सुलटं. हाताने टेकला की नवीन वायसरच्या प्लगला अजून अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. टॉर्क पाना मिळाला तर १४ मिमीच्या आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचं ऐका. आट्यांना ग्रीस-बिस चोपडू नका, कोरड्या आट्याच्या हिशोबाने दिलेला टॉर्क मग जास्त पडतो आणि आटा ताणला जातो.

पंचवटी_चारचाक
आणि तीन नंबरचे आटेच गेले असतील तर?

सातपूर_लेथ
मग हेलिकॉइल. जुना आटा टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) मोठा करायचा आणि त्यात स्टीलचा आटा बसवायचा. टॅपला ग्रीस लावून, थोडं थोडं कापून, दर वेळी कीस पुसत, नाहीतर तो सगळा पिस्टनवर. अंबड, सातपूरला हे करणारे मिळतात, पण ज्याच्याकडे तुझ्या मापाचा किट आहे त्याच्याकडेच जा. नवीन प्लग हाताने शेवटपर्यंत गुळगुळीत गेला तर यातलं काही लागणार नाही.

सिडकोकर
गेला. पाइपनेच तळापर्यंत गेला, कुठे अडकला नाही. टॉर्क पाना शेजाऱ्याचा आणला, मॅन्युअल बघून आवळले. त्र्यंबक रोडला चढावर दाबून बघितली, चुक-चुक गायब, थरथर पण नाही. आता ते चार नंबरचं ऑइल?

गंगापूररोड_काका
ते व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचं, प्लगच्या खड्ड्याभोवतीचं सील कडक झालं की तिथून झिरपतं. तूर्त फडक्याने टिपून कोरडं करा आणि आठवडाभराने परत बघा, पुन्हा साचलं तर गॅस्केट सेट टाका. तेव्हा मात्र कव्हर उघडावंच लागेल, मग टॅपेटही बघून घ्या.