शब्दचर्चा : बुडणाऱ्या दगडावरही ‘प्लावक’ बल?

प्रश्न : ‘प्लावक’ म्हणजे तरंगवणारं. मग तळाशी चाललेल्या दगडावर ‘प्लावक बल’ असतं असं वाचलं की अडखळायला होतं. आणि हवेसाठीही हाच शब्द वापरायचा का?

उत्तर : दोन्हीकडे हाच शब्द. ‘प्लु’ या संस्कृत धातूचा हा गोतावळा. ‘प्लवन’, ‘आप्लावित’ त्यातलेच. पण तरंगणं हा परिणाम आहे, बल हे कारण. दगडालाही पाणी वर ढकलतंच. त्याचं वजन त्या ढकलण्यापेक्षा जास्त, म्हणून तो खाली जातो.

हे ढकलणं येतं कुठून? खोलीबरोबर वाढणाऱ्या दाबातून. १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. वरचा पृष्ठभाग पाण्याखाली १० सेंटिमीटर, खालचा २०. पाण्याचा दाब वर सुमारे ९८० पास्कल, खाली १९६०. पृष्ठभाग ०.०१ चौरस मीटरचा, म्हणजे वरून ९.८ न्यूटन खाली रेटतात आणि खालून १९.६ न्यूटन वर. बाजूंचे रेटे एकमेकांना खोडतात. उरले ९.८ न्यूटन, वरच्या दिशेने. ठोकळ्याने बाजूला सारलेल्या १ लिटर पाण्याचं वजनही तेवढंच! आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच.

या हिशेबात ठोकळा लाकडाचा की शिशाचा, हे कुठेच आलं नाही. म्हणून ‘लाकडाचं प्लावक बल’ हा प्रयोग मला खटकतो. बल पाण्याचं, ‘लाकडावरचं’ म्हणावं.

हवेतही तसंच. द्रव आणि वायू या दोघांना मिळून ‘द्रायू’ हा छान सुटसुटीत शब्द आहे, तो जरूर वापरावा. १ घनमीटर हवा साधारण १.२ किलोची, तेवढाच हेलियम ०.१८ किलोच्या आसपास. म्हणून फुग्यातला दर घनमीटर हेलियम जेमतेम १ किलो भार पेलतो, आणि त्यातच फुग्याचं कापडही आलं.

भर : वस्तू तळाला इतकी घट्ट चिकटली की खाली पाणी शिरतच नाही, तर खालून रेटा मिळत नाही. उलट वरचं पाणी तिला दाबूनच धरतं. तिथे ‘प्लावक बल’ म्हणता येणार नाही.

प्रश्न : मग ‘पाण्यात वजन कमी होतं’ हे चूक का?

उत्तर : बोलण्यात चालून जाईल. लिहिताना ‘आभासी वजन कमी होतं’ असं लिहावं, कारण गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि दोऱ्याला बांधलेला १०० घनसेंटिमीटरचा दगड, तळाला न टेकवता, पूर्ण बुडेल असा धरा. पाणी सांडलं नाही, तर दोऱ्यावरचा ताण जेवढा घटतो तेवढीच वाढ काट्यावर दिसते : १०० ग्रॅम. पाणी दगडाला वर ढकलतं, दगड पाण्याला खाली.