नेत्रावळीच्या सावरी धबधब्यासाठी वाटाड्या हवा आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सप्टेंबरअखेर पुण्याहून गोव्यात येतोय. बरोबर सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सांगे तालुक्यातल्या नेत्रावळी अभयारण्यातला सावरी धबधबा बघायचाय. तिथल्याच मैनापी धबधब्याची वाट लांबची आणि कठीण म्हणतात, म्हणून ती सोडली. दूधसागरची गर्दी तर नकोच.

जंगल माहीत असलेला, लहानांना सांभाळून नेणारा स्थानिक वाटाड्या कुठे मिळेल? वनखात्याच्या नाक्यावर आयत्या वेळी मिळतो, की आधी ठरवावा लागतो? सप्टेंबरअखेर पाण्याजवळ जाऊ देतात का? सासूबाई पर्वती सहज चढतात, पण ओढ्यातले निसरडे दगड जमतील का? आणि जळवांसाठी मीठ, तंबाखू की लांब मोजे? आमच्या घरात यावरून तीन पक्ष पडलेत. वेळ उरला तर नेत्रावळीतलीच बुडबुड्यांची तळी (पाण्यातून बुडबुडे येणारं तळं) हीही बघू. अलीकडे मुलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.