मदत हवी आहे: ऑर्डरमध्ये ५ रात्री, मिळतात ३. चाइल्ड सपोर्ट कुठल्या हिशोबाने? (ऑस्ट्रेलिया)

ओलावा: आम्ही पालक वेगळे राहतो. मूल कुणाकडे किती राहील हे ठरवणारी कोर्टाची पॅरेंटिंग ऑर्डर दीड वर्षापूर्वीची आहे. मूल ७ वर्षांचं. दर पंधरवड्याला ५ रात्री माझ्याकडे, सुट्ट्यांतही तेच. गेले सहा आठवडे ३च रात्री मिळताहेत. आता समोरच्या पालकाने केअर बदलल्याचं सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाला (चाइल्ड सपोर्ट, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी एका पालकाने दुसऱ्याला द्यायची रक्कम, ठरवणारं सरकारी खातं) कळवलंय आणि मला पत्र आलंय. ऑर्डर हातात असताना केअरची टक्केवारी (वर्षातल्या किती रात्री मूल माझ्याकडे) बदलू शकते का?

रानवारा: बदलू शकते. मूल प्रत्यक्षात कुणाकडे राहतं यावर टक्केवारी ठरते.

आधी आकडे मांडा. ५ रात्री गुणिले २६ पंधरवडे म्हणजे १३०. ३६५ने भागलं की ३५.६. टक्केवारी ५०च्या आत असेल तर दशांशापुढचं सोडून देतात, म्हणून ३५ टक्के. ३ रात्रींच्या होतात ७८, म्हणजे २१ टक्के.

१४ ते ३४ टक्के केअर असेल तर मुलाच्या खर्चातला २४ टक्के भाग तुम्ही सांभाळतानाच उचलता असं धरतात. ३५ला तो २५ होतो आणि पुढे ४७पर्यंत टक्क्यामागे २ने वाढतो. थोडक्यात, ३५चे २१ झाले तरी चाइल्ड सपोर्टच्या गणितात एकाच टक्क्याचा फरक! फॅमिली टॅक्स बेनिफिट (मुलांसाठी सरकारकडून मिळणारा भत्ता) घेत असाल तर खरा फटका तिथे आहे. ३५च्या खाली त्यातला वाटा मिळत नाही, आणि केअरचा निर्णय दोन्हींना एकच लागतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ३च्या २ रात्री झाल्या तर वर्षाच्या बरोबर ५२ होतात, म्हणजे १४ टक्के. त्यातली एक जरी बुडाली तरी २४वरून थेट शून्य.

जास्वंद: वर सांगितलंय ते बरोबर, पण ऑर्डर वाया जात नाही. ती मोडली जात असेल आणि तुम्ही ती पाळली जावी म्हणून काही करत असाल (फॅमिली डिस्प्युट रिझोल्यूशनला, म्हणजे कोर्टाबाहेरच्या समेटाच्या बैठकीला नाव नोंदवणं, कोर्टात अर्ज करणं), तर काही काळ जुनीच टक्केवारी धरतात. याला इंटरिम पिरियड म्हणतात. ऑर्डर वर्षापेक्षा जुनी असेल तर जास्तीत जास्त २६ आठवडे. समोरचा पालकही समेटाच्या बैठकीत सहभागी होत असेल तर १४. हे आठवडे केअर बदलली त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही फोन केलात त्या दिवसापासून नाही. तुमचे सहा गेलेत. नुसतं "मला मान्य नाही" कळवून बरेच जण इथेच अडकतात. आजच नाव नोंदवा आणि त्याची पोच जोडा.

ओलावा: खूप आभार. पुराव्यात मेसेजचे स्क्रीनशॉट चालतील ना?

जास्वंद: चालतात, पण कापून लावू नका. तारीख आणि नंबर दिसलाच पाहिजे. त्याहून आधी कॅलेंडर तयार करा: एका ओळीत एक रात्र, कुठून आणलं, किती वाजता, परत कुठे सोडलं, ठरलेली रात्र रद्द झाली तर कुणी आणि कसं कळवलं. शाळेनंतरच्या केअरच्या नोंदींशी ते जुळवून बघा. दोन तारखा चुकल्या तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका घेतात. शेजारी किंवा कोच यांचं लेखी निवेदन देणार असाल तर त्यांनी स्वतः पाहिलं तेवढंच लिहावं. "हा पालक चांगला आहे" याचा रात्री मोजायला उपयोग नाही.

रानवारा: निर्णय विरोधात गेला तर पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत ऑब्जेक्शन (निर्णय पुन्हा तपासा अशी हरकत) टाका. केअरच्या निर्णयावर नंतरही टाकता येतं, पण मग जिंकलात तरी बदल सहसा ऑब्जेक्शनच्या तारखेपासूनच लागू होतो, मधले महिने जातात. तिथेही नाही जमलं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल, म्हणजे सरकारी निर्णय तपासणारं न्यायाधिकरण. जुन्या पत्रकांत एएटी (अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनल) लिहिलेलं दिसेल, १४ ऑक्टोबर २०२४पासून त्याच्या जागी हे आलंय. फोनवर इंग्रजीत अडखळायला होत असेल तर १३१ ४५० वर दुभाषा मागा. आणि प्रत्येक फोननंतर रिसीट नंबर कॅलेंडरच्याच पानावर लिहा.