परदेशातल्या मामाला पालकत्व मिळवून द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरला, रामबागेत राहते. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान दोघंही गेले. भाची 13 वर्षांची, भाचा 8 वर्षांचा. सध्या दोघं माझ्याकडेच आहेत. माझा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, कॅनडात असतो. त्याला मुलांना स्वतःजवळ न्यायचंय.

वकील म्हणाले, 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलं राहतात तिथेच, म्हणजे इंदूरलाच अर्ज करावा लागेल. पालक नेमल्यावरही कलम 26 प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलांना त्याच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. ही परवानगी मूळ अर्जातच मागावी का? आणि भावाला प्रत्येक तारखेला यावं लागतं, की मुखत्यारपत्रावर भागतं? नोकरीतून त्याला एवढी रजा मिळणं कठीण आहे.

सगळ्यात जास्त काळजी भाचीची वाटते. मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याचं मतही विचारात घेतात. आईचा विषय निघाला की पोर अजून गप्प होते हो. तिच्याशी एकांतात, चेंबरमध्ये बोलतात का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.