मुरमाचा भराव, ट्रॉलीभर शेणखत आणि तरी मेथी पिवळी

शिलाईवाली_फलटण
नमस्कार मंडळी. फलटणजवळ नवीन घर बांधलंय, मागे अर्धा गुंठा मोकळा आहे. मी ब्लाउज शिवते. कापड चिमटीत धरलं की सूत कळतं, मातीतलं मात्र काही कळत नाही. दिवाळीनंतर मेथी टाकली, वांग्या-मिरचीची रोपं लावली. मेथी बोटभर वर आली आणि पिवळी पडून बसली. वांग्याची शेंड्याकडची पानंही पिवळी, पण शिरा हिरव्यागार. पाणी बोअरचं. घातलं की तळं साचतं, आणि वाळलं की वर पांढरी साय धरते.

मध्ये एकानं "एक नंबर कुजलेलं" म्हणून ट्रॉलीभर शेणखत आणून ओतलं. दोन दिवस खिडक्या लावून बसलो. आता उकरलं की बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या निघतात, वेटोळं करून पडलेल्या, तपकिरी डोक्याच्या. काल टिकावानं खड्डा काढला आणि मापाच्या टेपनं मोजलं: वर नऊ इंच मुरूम, त्याखाली काळी, पण फरशीसारखी घट्ट. सासूबाई म्हणतात चुना टाक. हे म्हणतात, शहाबादी घालू, गाडी तरी लागेल. त्याआधी एकदा तुम्हाला विचारते.

जांभा_दगड
सासूबाईंचं ऐका. आम्ही रत्नागिरीकडे चुना टाकतो, भाजी झकास येते.

वाफसा
दादा, तुमच्याकडे बरोबर आहे. तिकडचा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, जांभ्याची माती आंबट होते. फलटणच्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी आधीच असते. ताई, खड्ड्यातल्या काळ्या मातीचं ढेकूळ घ्या, वर लिंबू पिळा. फसफसलं तर चुन्याचं नाव काढू नका.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या, याला ऊसवाले केवडा म्हणतात. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना लागत नाही. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत). अर्ध्या गुंठ्याला सव्वाशे ग्रॅम, पण नुसतं फेकायचं नाही. पाटीभर मुरलेल्या शेणखतात कालवून पंधरा दिवस ठेवायचं, मग मातीत. मेथीचं दुखणं वेगळं. मुळाशी पाणी तुंबलंय, हवा नाही, त्यात कच्च्या शेणाची धग.

त्या ट्रॉलीबद्दल. अर्ध्या गुंठ्याला शंभर किलो शेणखत म्हणजे चार-पाच पाट्या. नवी जमीन म्हणून दुप्पट धरा. तुमची ट्रॉली दहा गुंठ्यांना पुरली असती! सगळं ओढून कोपऱ्यात ढीग लावा, पाणी शिंपडा, झाका, महिन्याला एकदा खालवर करा. मधोमध लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळानं काढून बघा. सळई गरम लागली तर खत अजून कच्चं. मुरलेल्याला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाचा येतो. अळ्या हुमणीच्या (मुळं कुरतडणारी कीड) दिसतायत, वेचून कोंबड्यांना घाला.

माती तपासून घ्या, कृषी विज्ञान केंद्रात होते. पाच-सहा जागी इंग्रजी व्ही सारखा खड्डा करून कडेची वीतभर खोल चकती काढायची, सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवायची, सावलीत वाळवायची. शेण पडलंय तिथली नको. मुरूम आणि काळी वेगळ्या पिशव्यांत, आणि बोअरच्या पाण्याची बाटलीही द्या. ती पांढरी साय क्षारांची आहे. जिप्सम (खारवट-चोपण माती सुधारायला टाकतात) टाकायचं का, ते अहवाल बघून.

बोरूवाली_सासवड
वाफसा काकांना एक जोड. आमचंही असंच होतं. पूर्ण अंगण खोदायच्या भानगडीत पडू नका, कंबर जाते. फक्त वाफ्यांच्या जागचा मुरूम काढा आणि तोच मधल्या वाटांवर टाका, चिखल होत नाही. खालची काळी टिकावानं फोडा, पण वाफशावर. मूठ दाबून बघा: लाडू झाला आणि बोटानं ढोसल्यावर फुटला तर वाफसा, बोटाला चिकटला तर त्या दिवशी शिवण करा. ओल्या काळीत पाय टाकला की पुन्हा वीट. वाफा तीन फुटी ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत उतरावं लागत नाही.

यंदा भाजीचा नाद सोडा. जूनच्या पहिल्या पावसावर पाव किलो ताग फेका (आम्ही बोरू म्हणतो). दीड महिन्यात कंबरेच्या वर जातो. फूल लागायच्या बेताला विळ्यानं कापून, तुकडे करून मातीत गाडा. दांडा निबर झाला की लवकर कुजत नाही, मी पहिल्या वर्षी पिवळ्या फुलांच्या मोहात पडले आणि दिवाळीपर्यंत काटक्या निघत होत्या. गाडल्यावर दोन-तीन आठवडे ओल ठेवा, मग मेथी. वाळला पाला मात्र गाडू नका, वरून पसरा. गाडला की कुजताना मातीतला नत्र तोच खातो.

शिलाईवाली_फलटण
लिंबू पिळलं. सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं! सासूबाईंना बोलावून दाखवलं, त्या म्हणाल्या, "लिंबू वाया घालवलंस." अळ्या पंचेचाळीस मोजल्या, शेजारच्या कोंबड्या आता सकाळी आपणहून येतात. सळई गरम निघाली. मातीच्या पिशव्या व्हरांड्यात वाळतायत, सोमवारी जाईन.

तागाचं ह्यांना सांगितलं. जूनपर्यंत जागा मोकळी म्हटल्यावर लगेच फरशीचं माप घ्यायला निघाले. टेप मी शिलाई मशिनच्या खणात ठेवलीय.