भाच्याच्या वागण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही केज तालुक्यातले. भाचा १४ वर्षांचा, नववीत. दिवाळीनंतर ताई-दाजी ऊसतोडीला गेले की तो माझ्या आईजवळ राहतो. यंदा दोन महिन्यांपासून शाळा बुडवतो, आजीवर ओरडतो, रात्र रात्र जागा असतो. गावात सगळे म्हणतात, पोरगं वाया गेलं. मला तसं वाटत नाही. परवा जेवता जेवता त्याचे डोळे भरून आले, विचारलं तर उठूनच गेला.

मुलांच्या वागण्याची आणि भावनांची अडचण ओळखायला २५ प्रश्नांची एसडीक्यू प्रश्नावली असते, ती पालक, शिक्षक आणि ११ वर्षांवरची मुलं स्वतःही भरतात, एवढं कळलं. पण आई-बाप कारखान्यावर. मग पालकांची कुणी भरायची? आजीला वाचता येत नाही. १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर (टेली-मानस) कुणी बोललंय का? अंबाजोगाईला मुलांना नीट समजून घेणारे डॉक्टर कोण? आणि त्याला न दुखावता तिथं न्यायचं कसं?